पाण्यातली नक्षी फोटोत उतरत नाही? आधी हे तपासा

"जेटीवर उभा होतो तेव्हा पाण्यात रंगांचा सडा पडला होता. घरी येऊन स्क्रीनवर बघतो तर नुसतं गढूळ पाणी!" प्रतिबिंबं, ओल्या वाळूवरच्या रेषा, कातळावरचं शेवाळ असले अमूर्त फोटो काढायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाची ही तक्रार असते. एकदा सुटली असं वाटतं आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा हजर. नवी लेन्स घेऊन ती जात नाही, त्यामुळे खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा.

मूळ अडचण अशी की कॅमेऱ्यातली सगळी स्वयंचलित यंत्रणा वस्तू शोधण्यासाठी बनवलेली आहे. चेहरा, पक्षी, गाडी, निदान एखादी ठळक कड. आपल्या फोटोत वस्तूच नसते, किंवा असलेली आपण मुद्दाम लपवलेली असते. मग कॅमेरा अंदाज बांधतो: फोकस कुठे असावा, पांढरं काय समजावं, शटर किती ठेवावं. पाण्यावर हे तिन्ही अंदाज हमखास फसतात. वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा, हे तीन निर्णय त्याच्या हातातून काढून घ्या. बाकीच्यांसाठी तक्रारवार पुढे.

फक्त गढूळ पाणी दिसतं, रंग दिसतच नाहीत

यात कॅमेऱ्याचा दोष नाही, उभं राहण्याच्या जागेचा आहे. पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत फेकतं. बाकीचा आत जातो आणि तळाचा गाळ उजळून बाहेर येतो. नजर तिरपी होत गेली की परावर्तन वाढतं, पण एकसारखं नाही: पाण्याच्या पातळीशी ३० अंशांचा कोन असेल तर सुमारे ६ टक्के, २० अंशांवर १३, आणि १० अंशांवर एकदम ३५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे उंच धक्क्यावरून वाकून खाली काढलेल्या फोटोत गाळ दिसणारच. पायऱ्या उतरून पाण्याजवळ जा, गुडघ्यावर बसा आणि जरा दूरचं पाणी लांब लेन्सने टिपा. १५० ते ३०० मिलिमीटर बऱ्याचदा पुरतात.

दुसरी अट उजेडाची. ज्याचं प्रतिबिंब हवंय त्यावर ऊन हवं आणि खालच्या पाण्यावर सावली हवी. हर्णै, मालवणसारख्या बंदरांत निळ्या-हिरव्या-भगव्या रंगांच्या होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. सकाळच्या उन्हाने एकीची बाजू पेटलेली असते आणि शेजारचीच्या सावलीत पाणी काळंभोर असतं, तिथे रंग असे काही उठतात की नंतर सॅच्युरेशनची पट्टी ओढायची गरजच पडत नाही. पाण्यावरही ऊन असेल तर गाळ उजळतो आणि रंगांवर पांढुरकी साय येते. दुपारी बारा वाजता बंदरात जाऊन प्रतिबिंबं शोधणाऱ्यांनी त्यापेक्षा मासळीची थाळी शोधावी.

प्रतिबिंब धूसर, तरंगणारा पाला मात्र लख्ख

सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात कमी समजून घेतलेली तक्रार हीच. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं. शांत पाणी हा आरसा आहे, आणि आरशातलं बिंब वस्तू जितकी पुढे असते तितकंच मागे असतं. तुमच्यापासून पाण्याचा तो ठिपका ३ मीटरवर आणि तिथून होडी ८ मीटरवर असेल, तर लेन्सच्या दृष्टीने प्रतिबिंब ११ मीटरवर आहे. ऑटोफोकस मात्र पृष्ठभागावरचा फेस, पानं, तेलाचा तवंग पकडतो आणि ३ मीटरवर थांबतो. एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांतल्या मध्यम आकाराच्या) सेन्सरवर २०० मिलिमीटर लेन्स एफ/५.६ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) ३ मीटरवर फोकस केली, तर स्पष्ट पट्टा सगळा मिळून ५ सेंटिमीटरचा असतो. त्यात ११ मीटरवरची होडी कुठून येणार?

उपाय सोपा आहे. लेन्स आधी खऱ्या होडीकडे वळवा, तिच्यावर फोकस करा, मॅन्युअलवर टाकून तिथेच ठेवा, मग खाली प्रतिबिंबाकडे या. होडीपर्यंतचं सरळ अंतर आणि पाण्यावरून वळून जाणारं अंतर यांत फार फरक नसतो. मागच्या बटणावर फोकस ठेवण्याची सोय असेल तर काम आणखी सुटसुटीत होतं, कारण शटर दाबताना कॅमेरा पुन्हा शोधाशोध करत नाही.

आता यातली गोम. हे सगळं शांत किंवा हळू डुलणाऱ्या पाण्यापुरतं खरं. पाण्यावर बारीक तरंग असतील तर प्रत्येक तरंग छोटा वक्र आरसा होतो आणि आपलं स्वतंत्र, आकसलेलं बिंब पृष्ठभागाच्या अगदी जवळ तयार करतो. हाताच्या बोटभर रुंदीचे तरंग असतील तर होडीवर फोकस ठेवून सगळं पुसट येतं आणि पृष्ठभागावर ठेवून कडा कापल्यासारख्या येतात. वरचा उपाय करूनही फोटो मऊ आला असं जे सांगतात, त्यांचं पाणी बहुतेक असं असतं. म्हणून लाइव्ह व्ह्यू मोठा करून फोकसची कडी दोन्ही अंतरांच्या मध्ये हळू फिरवा आणि रंगांच्या कडा जिथे घट्ट होतात तिथे थांबा. वारा बदलला की पुन्हा बघा. होडी गेल्यावर उठलेल्या लाटा विरेपर्यंत फोकसची योग्य जागा सरकत राहते, त्यामुळे त्या काळात थोड्या-थोड्या फरकाने पाच-सहा फोटो घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

ना गोठलेलं, ना वाहतं

शटरच्या बाबतीत मधला मार्ग पकडू नये. बंदरातल्या प्रतिबिंबांसाठी १/५०० ते १/१००० सेकंद घेतलं की तरंग काचेच्या तुकड्यांसारखे स्पष्ट येतात. १/१५ ते १/४ वर रंगांचे लांबट फराटे ओढले जातात. पण प्रोग्रॅम मोडमधला कॅमेरा सावलीत १/६० च्या आसपास रेंगाळतो. हात हलणार नाही एवढ्याचीच त्याला काळजी, पाणी हलतंय हे त्याच्या गावी नसतं. तिथे तरंग थोडे हलतात आणि थोडे थांबतात, आणि बघणाऱ्याला तो फोटो चुकून हललेला वाटतो. यावर उपचार नाही. शटरचा वेग तुम्ही ठरवता त्या शटर प्रायॉरिटी मोडवर जा आणि एक बाजू निवडा.

आणखी लांब शटर ठेवलं तर आणखी सुंदर, हा समज धबधब्यांच्या फोटोंमुळे पसरलाय. प्रतिबिंबांना तो लागू नाही. दोन-तीन सेकंदांत लाल, निळा, पिवळा सगळे एकमेकांत मिसळतात आणि उरतो एक मळकट सरासरी रंग. ओढ्याच्या पाण्यात दगडाभोवतीची वळणं हवी असतील तर १/४ ते १/२ सेकंद ठीक. समुद्राची लाट वाळूवरून परतताना रेषा ओढते, तिथे अर्धा ते एक सेकंद, पण बटण लाट परत फिरल्यावर दाबायचं. येणाऱ्या लाटेत फेस पुढे असतो आणि तो सगळी चौकट पांढरी करून टाकतो.

उन्हात एवढं लांब शटर मिळत नाही म्हणून लोक एफ/२२ वर जातात आणि मग फोटो मऊ आला म्हणून पुन्हा तक्रार करतात. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो, एपीएस-सीवर एफ/१६ च्या पुढे तपशील उघड उघड ढासळतो. त्याऐवजी सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच लावा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा): भर उन्हात आयएसओ १००, एफ/८ ला जिथे १/४०० येतं तिथे १/६ च्या आसपास मिळेल.

सोनेरी पाणी राखाडी झालं

पांढरं काय समजावं हे ठरवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला चौकटभर एकच रंग दिसला की तो दोष वाटतो आणि तो दुरुस्त करतो. मावळतीचं केशरी पाणी फिकं पडतं, सावलीतलं निळं पाणी करडं होतं. डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्विनवर कुलूप लावा आणि विसरून जा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढत असाल तर नंतरही बदलता येतं हे खरं, पण मागच्या स्क्रीनवर फिका रंग दिसला की माणूस "इथे काही नाही" म्हणून पुढे निघून जातो. नुकसान तिथे होतं.

उजेडाचंही तेच. काळ्या पाण्यात चार रंगीत रेघा असल्या की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मध्यम राखाडीकडे ओढतो, काळं पाणी धुरकट होतं आणि रेघा जळतात. एक्स्पोजर उणे २/३ पासून सुरुवात करा, उणे सव्वापर्यंत जायला लाजू नका. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा बघा. संध्याकाळच्या प्रतिबिंबात एकत्र आलेख सुखरूप दिसतो आणि लाल रंग एकटाच भिंतीला धडकलेला असतो, मग केशरीची सगळी छटा जाऊन सपाट पिवळा डाग उरतो. सूर्याच्या टिकल्या मात्र खुशाल जळू द्या. त्यांच्यात तपशील नसतोच.

पोलरायझर लावला आणि फोटोच गायब झाला

पाणी म्हटलं की पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर), हा सल्ला निम्माच खरा आहे. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना तो परावर्तन जवळजवळ पुसून टाकतो. तुमचा विषयच प्रतिबिंब असेल तर तुम्ही पैसे देऊन विषय पुसून घेतलात. शिवाय दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. उलट ओल्या वाळूची रेघ, पाण्याखालचे गोटे, ओल्या कातळावरचं शेवाळ यांवरची पांढरी चकाकी काढायला त्याच्याइतकं काही नाही. लावलाच तर पाव फेरा सावकाश फिरवून बघा. कित्येकदा पूर्ण परिणामापेक्षा निम्मा चांगला दिसतो, तळ आणि आकाश दोन्ही थोडे थोडे राहतात.

"गेल्या वेळी वाळूवर काय नक्षी होती, या वेळी काहीच नाही"

ही तक्रार आली की मी कॅमेरा कोणता हे विचारत नाही, तिथी विचारतो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जागेप्रमाणे पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी, पण सहल ठरवताना कॅलेंडरवर नजर टाकून एवढं पुरतं.

आता याचा फोटोशी संबंध लावा. अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, म्हणजे तिरप्या उन्हाच्या नेमक्या वेळी, वाळू पाण्याखाली. ओहोटी येते ती दुपारी, डोक्यावर ऊन असताना, आणि भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस असल्यामुळे पाणी मागेही फारसं जात नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओहोटीला पाणी खूप मागे हटतं आणि ती ओहोटी पडते पहाटे आणि तिन्हीसांजेच्या सुमाराला. सकाळसाठी पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढच्या तृतीयेपर्यंत, आणि संध्याकाळसाठी चतुर्दशी ते प्रतिपदा, एवढे दिवस धरून ठेवा. शनिवार-रविवार बघून निघणाऱ्यांना कधी लॉटरी लागते, कधी नाही, त्याचं कारण हेच.

वेळ साधली तरी उजेड बघावा लागतो. वाळूच्या रेषांची उंची काही मिलिमीटर. सूर्य क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांवर असेल तोवरच त्यांना सावली असते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी डोंगर आणि सुरूच्या बनाआडून ऊन किनाऱ्यावर उशिरा पोचतं, संध्याकाळी मात्र थेट समुद्रावरून येतं. सूर्याकडे तोंड करून, वाळूची चकाकी पोलरायझरने थोडी मारून काढलेले फोटो सहसा जास्त खोल दिसतात.

रत्नागिरीच्या बाजूला काळ्या वाळूचे पट्टे आहेत. त्यांतलं काळं खनिज मुख्यतः इल्मेनाइट, क्वार्ट्झच्या वाळूहून सुमारे पावणेदोन पट जड. परतणारं पाणी हलकी वाळू पुढे नेतं आणि जड मागे ठेवतं, त्यातून झाडाच्या फांद्यांसारखी काळी-पांढरी नक्षी उमटते. इथे मीटर काळ्याला राखाडी करतो, म्हणून पुन्हा उणे एक्स्पोजर. आणि नक्षी ओली असतानाच गाठायची. वाळली की काळं-पांढरं यांतला फरक निम्मा होतो, वरून वारा कडा मोडतो, आणि तोवर कुत्री आणि पर्यटक दोघंही येऊन गेलेले असतात.

इवल्याशा खेकड्यांनी बिळाभोवती रचलेल्या वाळूच्या गोळ्या हव्या असतील तर पाणी ओसरल्यावर तास-दीड तास थांबा. ते वाळू तोंडात घालून त्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून टाकतात, त्यामुळे नक्षी हळूहळू वाढत जाते आणि पुढच्या भरतीत धुऊन जाते. तुमची सावली पडली की ते आत पळतात. गोळ्या काही पळत नाहीत, पण अर्धवट राहतात.

कातळावर सगळं एकदम लख्ख येत नाही

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खोदला गेलेला खडक, किंवा पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीने गोटे फिरवून बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे, इथे छिद्र लहान करत बसण्यापेक्षा कॅमेऱ्याची पाठ खडकाच्या पृष्ठभागाला समांतर करा. एफ/८ ते एफ/११ मध्ये कडेपासून कडेपर्यंत स्पष्ट येईल. काळा बेसाल्ट आणि चमकतं पाणी एकत्र असताना ऊन वैरी आहे, ढगाळ दिवस निवडा. दोन्ही ठिकाणी फोटोपेक्षा पाय महत्त्वाचे. हरिहरेश्वरच्या त्या खडकांवर भरतीच्या वेळी थांबायचं नाही आणि रांजणखळग्यांच्या ओल्या काठावर उभं राहून व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालायचा नाही.

फोनवरून काढलं तर पाणी मेणासारखं

फोन एका फोटोसाठी एकापाठोपाठ अनेक चौकटी घेतो आणि एकत्र करतो. पाणी प्रत्येक चौकटीत वेगळं असतं, ते जुळवताना तपशील पुसला जातो, आणि मग शार्पनिंगने खोट्या कडा काढल्या जातात. नाइट मोड बंद करा, प्रो मोड असेल तर शटर स्वतः ठरवा, बोटांनी झूम करू नका. स्क्रीनवर बोट दाबून फोकस-उजेडाला कुलूप लावा आणि उजेड थोडा खाली ओढा. फोनच्या लहान सेन्सरमुळे फोकसची खोली मोठी असते, म्हणून वर सांगितलेला होडी-पाला घोळ इथे फारसा होत नाही. शांत पाण्याच्या प्रतिबिंबात चांगला फोन महागड्या कॅमेऱ्याला खाली बघायला लावतो, यात आश्चर्य नाही.

सगळं बरोबर आहे, तरी फोटो मरगळलेला

चौकटभर एकाच आकाराचे तरंग असले की तो फोटो भिंतीवरच्या कागदासारखा होतो. तरंग बदलतात ती जागा शोधा: नांगराचा दोर पाण्यात शिरतो तिथे, दोन होड्यांमधल्या निवाऱ्याच्या कडेला, वाऱ्याची झुळूक जिथे संपते तिथे. मोठं आणि बारीक एकमेकांना भिडतं तिथेच बघण्यासारखं काही असतं.

दुसरं, ओळखीचा तुकडा. कोपऱ्यात होडीची पावइंच कड किंवा गुटख्याची पुडी राहिली की डोळा तिकडेच जातो आणि बाकीचं सगळं पार्श्वभूमी बनतं. ती पूर्ण काढा, नाहीतर तिला धीटपणे जागा द्या. फोटो उलटा करून प्रतिबिंब सुलटं दाखवायची युक्ती मला स्वतःला आवडत नाही. बघणारा "अरे, उलटा आहे" म्हणतो आणि त्याचं बघणं तिथेच संपतं. ज्यांना आवडते त्यांनी करावी.

स्क्रीनवर छान, पाठवल्यावर पट्टे

रंगांच्या मऊ उतारावर पायऱ्या दिसत असतील तर संपादन १६ बिटमध्ये करा आणि शेवटी अगदी किंचित ग्रेन टाका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी दाबून लहान करताना बारीक तरंगांचा आधी बळी जातो. उतारावर दर फोटोत त्याच जागी करडे ठिपके असतील तर ती सेन्सरवरची धूळ. एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून खात्री करा आणि साफ करून घ्या. समुद्रावरून आल्यावर फिल्टरवर खारं पाणी वाळलेलं असेल तर कोरडं फडकं कधीच फिरवू नका, मिठाचे कण काच ओरबाडतात. आधी गोड्या पाण्याने भिजवलेला कपडा, मग कोरडा.